गावची खोली

कोकणात 'चाकरमानी' हा शब्द ठाऊक नाही असे मूल शोधूनही सापडावयाचे नाही. मुंबईस नोकरीचाकरी करून राहणारा आणि शिमग्याला व गणपतीला गावी येणारा, तो चाकरमानी. तो आला म्हणजे वाडीत आनंद होतो. ट्रंक उघडली जाते, खाऊ वाटला जातो, रात्री खळ्यात मंडळी जमून मुंबईच्या गोष्टी ऐकतात. पण हा मनुष्य मुंबईत राहतो कोठे, असे त्याला विचारणारा मुलगा विरळाच. गावी त्याचे घर चिऱ्याचे असते. पुढे खळे, मागे परसू, पडवी, माजघर, माळा असा त्याचा ऐसपैस थाट असतो. तोच मनुष्य मुंबईत नुसते अंग टाकण्यापुरती जागा मिळावी म्हणून किती धडपडला आणि ती जागा त्याने कशी मिळवली, ही हकीकत सर्वांनी जाणून घेण्याजोगी आहे.

रत्नागिरी जिल्ह्याची भूमी देखणी खरी, पण पोटाला पुरेसे देणारी नव्हे. सड्यावरचा कातळ उन्हाने तापतो, डोंगरउतारावरील माती पावसाने धुपून जाते. भात, नाचणी, वरी यांवर वर्ष काढावयाचे आणि त्यातूनही मोठा वाटा खोताच्या घरी पोहोचवावयाचा, अशी कुळांची स्थिती होती. खोती नाहीशी करण्याचा कायदा १९४९ साली झाला. त्यापूर्वी कित्येक पिढ्या अशाच गेल्या. (त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्ग जिल्हाही होता. तो १ मे १९८१ रोजी वेगळा झाला.) इकडे मुंबईत कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली कापडाच्या गिरणीचा पाया घातला आणि पुढील पन्नास वर्षांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत धुराड्यांचे रान उभे राहिले. गिरण्यांना माणसे हवी होती आणि कोकणातील माणसांना रोकड हवी होती. १९११ साली गिरण्यांतील दर दोन कामगारांपैकी जवळजवळ एक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेला होता. दहा वर्षांनी, १९२१ च्या शिरगणतीत, मुंबईत राहणाऱ्या रत्नागिरीकरांची संख्या दोन लाखांच्या वर गेली. सबंध शहराची वस्ती तेव्हा बारा लाखांहून थोडी कमी होती.

राजापूर तालुक्यातील सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. आगबोट किनाऱ्यापासून दूर उभी राही, म्हणून उतारूंना पडावात बसून तिच्यापर्यंत जावे लागे. हा मुलगा वळकटी काखोटीस मारून पडावात बसला, रात्रभर बोटीच्या फळ्यांवर जागला आणि सकाळी भाऊच्या धक्क्यावर उतरला. त्याच्या खिशात थोडे पैसे आणि एका चाळीचा पत्ता एवढेच आहे. आता त्याला घर कसे मिळावे?

भाड्याने खोली घ्यावी म्हटले तर मालक आगाऊ पैसे मागणार. शिवाय खोलीचे भाडे एकट्याच्या मजुरीतून निघावयाचे नाही. मुंबई हे चिंचोळे बेट. तिन्ही बाजूंनी समुद्र. भोंगा होताच पायी गिरणी गाठता येईल अशाच ठिकाणी कामगाराला राहणे भाग होते. म्हणजे लाखो माणसांना गिरण्यांभोवतीच्या त्याच थोड्या जागेत घर हवे होते आणि जागेच्या मालकाला हे पक्के ठाऊक होते. त्याने चाळी बांधल्या. लांबच लांब सज्जा, त्यावर ओळीने एकेक खोली, आणि टोकाला सर्वांचे मिळून नळ व शौचकूप. १९२१ साली मुंबईतील सुमारे दोन तृतीयांश माणसे एकखोलीच्या घरांतून राहत होती. ही एक खोलीसुद्धा एका कुटुंबाची असेच असे नाही. भाडे भरता यावे म्हणून कुटुंबेही दोनचार बिऱ्हाडकरू आपल्या खोलीत ठेवीत.

या अडचणीतून कोकणच्या माणसांनी जी वाट काढली, ती त्यांना कोणी शिकवलेली नव्हती. एका गावच्या, किंवा गाव मोठा असेल तर एका वाडीच्या, पुरुषांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावयाची आणि भाडे वाटून भरावयाचे. हिलाच कोणी 'गावची खोली' म्हणत, कोणी 'बैठकीची खोली' म्हणत. आपला राजापूरचा मुलगा ज्या पत्त्यावर जाणार आहे, तो अशाच एका खोलीचा आहे.

येथे एक लहानसे गणित मांडून पाहा. खोली सोळा फूट लांब आणि दहा फूट रुंद आहे, म्हणजे क्षेत्रफळ झाले १६० चौरस फूट. मनुष्याला निजावयास सहा फूट लांब आणि दोन फूट रुंद, म्हणजे १२ चौरस फूट जागा लागते. तेव्हा खोलीत कसेबसे तेरा जण मावतील. मोरी, पाण्याची पिंपे आणि ट्रंका यांची जागा वजा केली की राहिले दहा. पण खोलीचे सभासद तर तीस! मग उरलेले वीस कोठे गेले? गिरण्या पाळ्यांत चालू लागल्या तेव्हा या कोड्याचे थोडे उत्तर मिळाले. रात्रपाळीचा मनुष्य सकाळी परते तोवर दिवसपाळीच्या माणसाने आपली वळकटी गुंडाळून ठेवलेली असे. त्याच जागी हा आपली पसरी. तरीही रात्री वीसएक जणांना एकदम झोप हवी असे. ते सज्ज्यात, जिन्याखाली, गच्चीवर आणि फुटपाथवर निजत. उन्हाळ्यात यात फारसे दुःख नव्हते. उलट बाहेर वारा लागे. हाल होत ते पावसाळ्यात. तेव्हा सारी मंडळी आत येत आणि कित्येकांना रात्र बसून काढावी लागे. एक दिलासा होता तो एवढाच, की पावसाच्या तोंडी पुष्कळ जण लावणीसाठी गावी गेलेले असत.

तीस माणसे एवढ्या जागेत राहावयाची म्हणजे नियम हवेतच. ते बहुधा कागदावर नसत, पण मोडण्याची कोणाची छाती नसे. प्रत्येकाने ठरलेली वर्गणी दर महिन्याला द्यावयाची. गावी गेलेल्यानेही ती द्यावयाची, कारण परत आल्यावर त्याला आपली जागा हवी असते. नव्याने आलेल्या मुलाकडून काम लागेपर्यंत काही घ्यावयाचे नाही. मात्र पाणी भरणे आणि झाडलोट ही कामे त्याच्याकडे येत. ट्रंक कोठे ठेवावयाची आणि वळकटी कोणत्या खुंटीला टांगावयाची हे ठरलेले असे. जमाखर्चाची एक वही असे आणि ज्याचे अक्षर बरे त्याच्याकडे ती सोपवली जाई. महिन्यातून एकदा बैठक भरे. तीत भाड्याचा हिशेब होई, भांडणे मिटवली जात, कोणी आजारी असल्यास त्याला गावी पोहोचवण्याची व्यवस्था होई आणि गावच्या देवळासाठी, विहिरीसाठी किंवा शाळेसाठी पैसे काढले जात. कोकणातील कित्येक शाळांच्या भिंती अशा खोल्यांतून जमलेल्या पैशांनी उभ्या राहिल्या आहेत. सणाच्या दिवसांत याच खोलीत भजन होई आणि नमनाची तालीम चाले. ज्याला काम हवे त्याची मुकादमाकडे रदबदली करणाराही येथेच भेटे. जागा लहान होती. पण परक्या शहरात पहिल्या दिवशी पाय ठेवणाऱ्याला पाठीशी गाव असल्याचा भरवसा तिने दिला. हा भरवसा पैशांनी विकत मिळाला नसता.

हीच युक्ती इतरांनाही सुचली होती. धोबीतलावाच्या आसपास गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी आपापल्या गावांच्या नावाने 'कूड' थाटले होते. बोटींवर काम करणारे खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात तेथे उतरत.

खोलीत चूल पेटवण्याची सोय क्वचितच असे. म्हणून जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे पाटी लावलेले दुकान नव्हे. शेजारच्याच चाळीतील एखादी बाई आपल्या घरच्या चुलीवर दहा-वीस जणांचा स्वयंपाक करी आणि महिन्याच्या शेवटी पैसे घेई. तिला पहाटे चारला उठून धान्य निवडावे, भाकऱ्या थापाव्या लागत. वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज हे तिच्या पाठीस लागलेलेच असे. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली 'अन्नपूर्णा महिला मंडळ' काढले. गिरणीच्या कापडाचा हिशेब पुष्कळांनी ठेवला. त्या कापडामागे या चुली होत्या, याचा हिशेब फार उशिरा मांडला गेला असे मला वाटते.

गावच्या खोलीने पुरुषाची सोय केली, पण तिच्यात कुटुंबाला जागा नव्हती. बायको, मुले आणि आईबाप गावीच राहत. दर महिन्याला मनीऑर्डर जाई. तिच्या कुपनावर चार ओळी लिहिलेल्या असत. मुलगा चालावयास लागला, आई अंथरुणाला खिळली, बैल विकला, या साऱ्या बातम्या बापाला पत्रातून कळत. वर्षातले एक-दोन महिने वगळता संसार असा दोन ठिकाणी विभागलेला असे. गावी शेती सांभाळणारी बाई आणि मुंबईत खुंटीला वळकटी टांगणारा तिचा नवरा, या दोघांनाही ठाऊक होते, की एका वेगळ्या खोलीचे भाडे परवडले असते तर हा वियोग टळला असता. पुष्कळांचा तो सेवानिवृत्त होईपर्यंत टळला नाही.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. गाव मुंबईस आला तो आपल्या जातिभेदासकट आला. गावात ज्यांना देवळाची पायरी चढू देत नसत, त्यांना गावच्या खोलीतही जागा नसे. त्यांना निराळी सोय पाहावी लागे.

या संदर्भात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण मोलाचे आहे. त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील रामजी सुभेदार कुटुंबासह मुंबईस आले तेव्हा परळ भागातील एका चाळीत त्यांना एकच खोली मिळाली. त्याच खोलीत स्वयंपाक, भांडीकुंडी, जळण आणि माणसे. एवढ्या गर्दीत मुलाने अभ्यास करावा कसा? वडिलांनी उपाय काढला. ते मुलाला लवकर निजवीत, स्वतः जागे राहत आणि रात्री दोन वाजता त्याला उठवून त्याच्या जागी आपण निजत. सारे निजलेले असताना तो मुलगा चिमणीच्या उजेडात वाचीत बसे. पुढे हे कुटुंब परळलाच इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत राहावयास गेले. तेथे ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्या त्यांनी घेतल्या. परदेशातील उच्च पदव्या मिळवून आल्यावरही, १९३० नंतर दादरला 'राजगृह' बांधून होईपर्यंत, बाबासाहेब याच चाळीत राहिले.

परंतु पैसे असूनही छप्पर मिळत नाही, हा अनुभव त्यांना बडोद्यास आला. १९१७ साली ते तेथे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. कोणतीही हिंदू खानावळ त्यांना ठेवून घेईना. अखेर नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक दाराशी आले आणि जागा सोडण्यास त्यांनी बजावले. बाबासाहेबांनी सारा दिवस दुसरी जागा शोधली, ती मिळाली नाही. शेवटी एका सार्वजनिक बागेत काही तास बसून त्यांनी रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या माणसाला सबंध शहरात एक खोली मिळू नये, ही काही खोल्यांच्या टंचाईची गोष्ट नव्हे.

इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे नाव वर आले आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत तो वणव्यासारखा पसरला, तेव्हा सरकार जागे झाले आणि १८९८ साली हा ट्रस्ट स्थापन झाला. त्याने रुंद रस्ते काढले, दाट वस्त्या पाडल्या. नवी घरेही बांधली, परंतु ज्यांची खोपटी पाडली त्या सर्वांना ती पुरली नाहीत. मग १९२० साली 'बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट' हे निराळे खाते निघाले. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याच्या चाळींना बी. डी. डी. चाळी म्हणतात. खात्याचा बेत ५०,००० खोल्यांचा होता. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीवर कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड या चार ठिकाणी २०७ चाळी आणि सुमारे १६,००० खोल्या झाल्या व काम थांबले. नवल असे, की घरांची एवढी ओरड असतानाही आरंभी यांतील पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. भाडे कामगाराच्या आवाक्याबाहेरचे, वरळी तेव्हा बाजारापासून दूर, आणि खोलीत उजेड बेताचा. घर बांधणाऱ्याने त्यात राहणाऱ्याला आधी विचारले नाही म्हणजे असे होते.

याच वर्षांत युरोपातील व्हिएन्ना शहरही घरांच्या टंचाईने हैराण झाले होते. तेथील नगरपालिकेने चैनीच्या वस्तूंवर व मोठ्या घरांवर कर बसवले आणि १९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांवर घरे बांधली. खोल्या लहानच होत्या. पण प्रत्येक घरात नळ व शौचकूप होते आणि इमारतींच्या मध्ये बागा, धुण्याची घरे, वाचनालये होती. भाडे कामगाराच्या मजुरीचा अगदी लहान भाग होईल इतके कमी ठेवले होते. ही घरे आजही वापरात आहेत.

मुंबईत पुढे १९४७ साली भाडेनियंत्रणाचा कायदा झाला. मालकाला मनास येईल तसे भाडे वाढवता येईना. गावच्या खोल्या पुढे कित्येक दशके टिकल्या, त्याचे हे एक मोठे कारण होय. मात्र मालकांनीही दुसरी वाट काढली. भाडे वाढवता येत नाही, तर खोली देतानाच भली मोठी रक्कम घ्यावयाची. हिला 'पागडी' म्हणतात. ज्याला खोली होती तो निश्चिंत झाला. ज्याला नव्हती त्याच्या वाटेत एक नवा डोंगर उभा राहिला. शिवाय भाडे तुटपुंजे म्हणून मालक दुरुस्ती करीना आणि चाळी मोडकळीस आल्या.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप फसला, एकेक गिरणी बंद पडली आणि कित्येक चाकरमानी ट्रंक घेऊन कायमचे गावी परतले. गिरण्यांच्या जमिनीला मात्र सोन्याचा भाव आला. १९९१ च्या नियमाप्रमाणे त्या जमिनीचे वाटे होऊन एक वाटा परवडणाऱ्या घरांसाठी मिळावयाचा होता. २००१ साली नियम बदलला; वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि घरांचा वाटा फारच लहान झाला. जी घरे झाली ती २२५ चौरस फुटांची. २०१२ साली पहिली सोडत निघाली तेव्हा एका घराची किंमत साडेसात लाख रुपये होती. पुढील सोडतींत ती साडेनऊ लाख झाली. अर्ज आले होते सुमारे दीड लाख, आणि पहिल्या सोडतीत घरे होती सात हजारांच्या आत. चिठ्ठीत नाव निघेपर्यंत पुष्कळ कामगार वारले; त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी त्यांच्या जागी कागद पुढे केले.

बी. डी. डी. चाळी पाडून त्यांच्या जागी उंच इमारती उभारण्याचे काम २०१७ साली सुरू झाले. १६० चौरस फुटांच्या खोलीऐवजी तेथे ५०० चौरस फुटांचे घर मिळावयाचे आहे. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये देण्यात आल्या. गिरणगावातील इतर जुन्या चाळीही एकामागून एक पडत आहेत. जेथे एका कुटुंबाची खोली होती तेथे प्रश्न सोपा आहे. पण जी खोली साऱ्या गावाची होती तिचे काय? पुष्कळ ठिकाणी भाड्याची पावती एकाच माणसाच्या नावाने फाटत असे, कारण पावतीवर गावाचे नाव कोण घालणार? तो मनुष्य प्रामाणिक होता, इतरांचा त्याच्यावर विश्वास होता, आणि शंभर रुपयांची खोली कोणी बळकावील हे कोणाच्या मनातही आले नव्हते. आज त्याच जागेची किंमत लाखांत किंवा कोटींत मोजली जाते. त्याच्या नातवाला वाटते, पावती आजोबांची तर घर आमचे. गावकऱ्यांना वाटते, तीन पिढ्या वर्गणी भरली ती आम्ही. अशा वेळी कोणाच्या तरी ट्रंकेच्या तळाशी पडलेली जमाखर्चाची जुनी वही शोधावी लागते. तीत दर महिन्याखाली तीस नावे आणि प्रत्येकापुढे दिलेले आणे-पैसे लिहिलेले असतात. गावाचा हक्क दाखवणारा दुसरा कागद पुष्कळांपाशी नाही.